वर्ण, रंग आणि बंड : 'रेड रायझिंग' त्रयीचे एक वाचन

१

विज्ञानकादंबरीकडे मराठी समीक्षेने आजवर प्रायः दोनच प्रश्न घेऊन पाहिले आहे. तिच्यातील विज्ञान कितपत खरे आहे, हा पहिला प्रश्न आणि तिच्यातील साहित्य कितपत अस्सल आहे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त असले तरी त्यांच्या आग्रहामुळे एक तिसरा प्रश्न मागे पडला. विज्ञानकादंबरी जेव्हा एखादा समाज कल्पिते, त्यातील उच्चनीचता, श्रम, विवाह आणि शिक्षा यांची रचना करते, तेव्हा त्या रचनेतून कोणते समाजदर्शन व्यक्त होते, हा तो प्रश्न होय. डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या साहित्यप्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून ज्ञानात्मक अपरिचितीकरणाची संकल्पना मांडली. परिचित जगाहून निराळे, परंतु तर्काच्या आधारे उभारलेले जग समोर ठेवून वाचकाला स्वतःच्याच जगाकडे नव्याने पाहावयास लावणे, असा या संकल्पनेचा आशय आहे. ही व्याख्या मान्य केली की एक उपप्रश्न ओघानेच येतो. अपरिचित करावयाचे ते जग कोणाचे? वाचक बदलला की परिचित काय आणि अपरिचित काय याची सीमारेषाही बदलते. अमेरिकन वाचकाला जे अद्भुत वाटेल, ते अकोले किंवा जामखेड तालुक्यातील वाचकाला कदाचित फारच ओळखीचे वाटेल.

पिअर्स ब्राउन या अमेरिकन लेखकाची त्रयी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. 'रेड रायझिंग' (२०१४), 'गोल्डन सन' (२०१५) आणि 'मॉर्निंग स्टार' (२०१६) हे तिचे तीन खंड. मानवजात सूर्यमालेत पसरल्यानंतरच्या दूरच्या भविष्यातील या समाजाची चौदा 'रंगां'त विभागणी झालेली आहे. शिखरावर सोनेरी, तळाशी लाल आणि मध्ये व्यापारी, कारकून, वैद्य, तंत्रज्ञ, शिपाई, सेवक अशा कामांसाठी जनुकीय अभियांत्रिकीने घडविलेले इतर रंग. प्रत्येकाच्या हातावर त्याच्या रंगाचे चिन्ह असते. मंगळाच्या पोटातील खाणींत हेलियम-३ उपसणारा डॅरो हा लाल तरुण शस्त्रक्रियेने सोनेरी बनून शासकवर्गात शिरतो आणि आतून त्या व्यवस्थेविरुद्ध बंड उभारतो, हे कथानकाचे मुख्य सूत्र आहे.

मराठीत या त्रयीविषयी बोलू लागताच भाषाच भाष्य करू लागते. इंग्रजीतील 'रंग' हा शब्द मराठीत आणावयाचा तर 'वर्ण' हा पर्याय समोर येतो आणि सर्वांत वरच्या गटाला 'सुवर्ण' म्हणावे लागते. 'सुवर्ण' आणि 'सवर्ण' या दोन शब्दांत अंतर केवळ एका उकाराचे आहे. मूळ लेखकाच्या मनात हा श्लेष असण्याचे कारण नाही. रोमन साम्राज्य, ग्रीक शोकात्मिका आणि अमेरिकेचा वर्णद्वेषाचा इतिहास ही त्याची सामग्री आहे. तरीही मराठी वाचक हा श्लेष टाळू शकत नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. मात्र श्लेषावर समाधान मानून ही कादंबरी 'आपल्या जातिव्यवस्थेचेच रूपक' आहे असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. वर्ण या शब्दाचा अर्थ कातडीचा रंग असा लावून त्यावर वंशाचा सिद्धान्त उभारण्याला डॉ. आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) या ग्रंथात साधार विरोध केला होता, हे येथे विसरता येत नाही. रंग डोळ्यांना दिसतो; जात दिसत नाही, ती विचारून घ्यावी लागते. या एका भेदातून त्रयीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही उलगडतात. त्यासाठी अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) अकोले तालुक्यातील धामणगावी जन्मलेल्या दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन तिच्या शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते.

२

त्रयीचा आरंभ 'लॉरेल' नावाच्या पारितोषिकाने होतो. खाणीतील लालांच्या वस्तीत अनेक कुळे आहेत. ठराविक मुदतीत जे कुळ सर्वाधिक हेलियम-३ काढील त्याला जादा अन्न आणि सुखसोयी मिळतात. डॅरोच्या लॅम्डा कुळाने या खेपेस जिवावर उदार होऊन अधिक उत्पादन केलेले असते. तथापि पारितोषिक नेहमीप्रमाणे गॅमा कुळालाच दिले जाते. निकाल आधीच ठरलेला असतो. लॅम्डांचा राग मात्र गॅमांवर निघतो, पारितोषिक वाटणाऱ्यांवर नाही. लेखकाने हा प्रसंग कथानकाला गती देण्यासाठी योजिला असला तरी एका संपूर्ण समाजरचनेचे सार त्यात सामावले आहे. लालांना सोनेऱ्यांचे वर्चस्व बळानेच सहन करावे लागते असे नाही. वर्चस्वाने फेकलेल्या तुकड्यासाठी आपापसांत झगडण्याची जी सवय त्यांना लावली गेली आहे, तीच त्यांची खरी बेडी आहे.

'जातिप्रथेचे विध्वंसन' (१९३६) या न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी असल्याचे सांगितले आणि तिच्या श्रेणीबद्ध स्वरूपामुळे तिच्याविरुद्ध एकजूट उभी राहत नाही, हे दाखवून दिले. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो. त्यामुळे वरच्याबद्दलच्या रागाला खालच्याबद्दलच्या तुच्छतेचा उतारा सहज मिळतो. लॉरेलची योजना हे या विचाराचे कथात्म उदाहरण म्हणून दाखविता येईल.

'बलुतं' या शब्दातच ही यंत्रणा अधिक गुंतागुंतीच्या रूपात उपस्थित आहे. गावकीची कामे करण्याच्या बदल्यात महारांना मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. मेलेली ढोरे ओढणे, मयताची वार्ता परगावी पोचविणे, सरकारी अंमलदारापुढे धावणे अशी ही कामे. हे बलुते कायद्याच्या दृष्टीने मजुरी नव्हते आणि देणाऱ्याच्या दृष्टीने भीकही नव्हती. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो हक्क होता. बावन्न हक्कांची परंपरा महार समाज अभिमानाने सांगत आला. ज्या नात्याने माणूस जखडला गेला त्याच नात्याला तो हक्क मानून जपत होता, हा या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर भाग होय. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनांसंबंधीचे विधेयक मांडले आणि महारांनी या हक्कांच्या मोहातून बाहेर पडावे असा आग्रह धरला, तेव्हा त्यांना दोन आघाड्यांवर झगडावे लागले. वतनदारीचा फायदा घेणाऱ्यांशी एक झगडा होता आणि वतनाला प्रतिष्ठा समजणाऱ्या आपल्याच माणसांशी दुसरा. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा आहे. म्हणजे या झगड्याला तीन दशके लागली.

या तुलनेत त्रयीची एक उणीव उघडी पडते. लॉरेल ही फसवणूक आहे आणि फसवणूक उघडकीस आली की ती संपते. मंगळाचा पृष्ठभाग अजून राहण्याजोगा नाही, तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी खपणारे अग्रदूत आहात, असे लालांना सांगितले गेलेले असते. प्रत्यक्षात वर कित्येक पिढ्यांपासून नगरे वसलेली आहेत. डॅरोला हे दिसते त्या क्षणी त्याची निष्ठा गळून पडते. अज्ञान हे गुलामीचे कारण आणि सत्यदर्शन हा तिच्यावरील उपाय, असे हे सरळ समीकरण आहे. बलुत्याची गोष्ट इतकी सोपी नाही. धामणगावच्या महारवाड्याला गावाची घरे रोज दिसत होती. तेथे कोणतेही सत्य भुयारात दडविलेले नव्हते. माहीत असूनही न सुटणारी गुलामी हा 'बलुतं'चा विषय आहे आणि त्रयीच्या पहिल्या दोन खंडांना तो सापडलेला नाही.

३

त्रयीतील सर्वांत महत्त्वाची क्लृप्ती म्हणजे डॅरोचे रूपांतर. मिकी हा जांभळ्या रंगाचा कारागीर त्याची हाडे, स्नायू, डोळे, केस, हातावरील चिन्ह हे सर्व बदलून त्याला सोनेरी बनवितो. हे प्रकरण वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक, लेखकाने यातनेचे वर्णन आखडते घेतलेले नाही. वर्गांतर ही शरीरावर होणारी हिंसा आहे, हे तो जाणतो. दोन, ही हिंसा यशस्वी होते. एकदा सोनेरी झालेला डॅरो शासकपुत्रांच्या प्रशिक्षणसंस्थेत जातो, तेथील प्राणघातक स्पर्धा जिंकतो आणि त्यांच्या सैन्याचा नायक होतो. उघडकीस येण्याची भीती त्याला सतत छळते; पण त्याचे शरीर त्याचे रहस्य चव्हाट्यावर आणत नाही.

जातीच्या संदर्भात मिकीचा काहीच उपयोग नाही. जेथे भेद शरीरावर नाही तेथे शरीर बदलून काय होणार? येथे नाव, आडनाव, गाव, आळी, आजोळ, देवक यांचा माग काढला जातो. पवार हे आडनाव मराठ्यांत आहे आणि महारांतही आहे. म्हणून आडनावावर न थांबता पुढचा प्रश्न येतो, 'कुठले पवार?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शस्त्रक्रियेने बदलत नाही. शिक्षण, नोकरी, मुंबईतील वास्तव्य, शुद्ध भाषा ही सर्व विसाव्या शतकातील दलित सुशिक्षिताची 'रूपांतरे' होती आणि ती एका प्रश्नासरशी निकामी होऊ शकत होती.

या अनुभवाची निवेदनाच्या पातळीवरील परिणती म्हणून 'बलुतं'च्या रचनेकडे पाहावे लागते. तेथे दगडू मारुती पवार हा दया पवार या लेखकाला आपली हकिकत सांगतो. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत. गावातील महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला एक, लिहिता-वाचता पांढरपेशा झालेला दुसरा. एक बोलतो, दुसरा ऐकतो. या दोघांत संवाद आहे, पण समेट नाही. आत्मकथनाची प्रथमपुरुषी एकसंधता ज्याला जन्माने नाकारली आहे, त्याने ती निवेदनातही खोटी उभी केली नाही, हे या पुस्तकाचे मोठेपण आहे. ही दुभंगलेली रचना कलात्मक प्रयोग म्हणून आलेली नाही. ती अनुभवाची अट म्हणून आली आहे.

डॅरोही दुभंगलेला आहे. आपण लाल की सोनेरी, खाणकामगार की सेनानी, हा प्रश्न तो स्वतःला पुनःपुन्हा विचारतो. परंतु हा दुभंग त्रयीत विचारांच्या रूपाने येतो, निवेदनाच्या बांधणीत उतरत नाही. तिन्ही खंडांचे निवेदन एकाच आवाजात, प्रथमपुरुषी वर्तमानकाळात चालते. खाणीतला सोळा वर्षांचा पोर आणि ग्रहांचे भवितव्य ठरविणारा सेनापती जवळजवळ एकाच शैलीत बोलतात. आणि तिसऱ्या खंडाच्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट घडते. सार्वभौम सत्ताधारिणीपर्यंत पोचण्यासाठी डॅरो व त्याचे साथी जो बनाव रचतात, तो निवेदक डॅरो वाचकापासूनही लपवून ठेवतो. साथीदाराचा मृत्यू खरा मानून वाचक शोक करतो आणि नंतर तो बनाव असल्याचे त्याला कळते. प्रथमपुरुषी निवेदनाच्या संकेताचा हा भंग अनेकांना केवळ रहस्यकथेची युक्ती वाटेल. पण त्याचा दुसरा अर्थही संभवतो. आयुष्यभर सोनेऱ्यांपासून स्वतःला लपविणारा माणूस अखेर ज्याच्याजवळ मन मोकळे करावयाचे त्या वाचकापासूनही लपू लागतो. रूपांतराची किंमत म्हणतात ती हीच. लेखकाने ती जाणीवपूर्वक दाखविली की त्याच्या हातून ती दाखविली गेली, हे ठरविणे कठीण आहे; संहितेत ती आहे, एवढे निश्चित.

डॅरोची पत्नी ईओ हिच्या संदर्भातही आवाजाचाच प्रश्न उपस्थित होतो. निषिद्ध गीत गायल्याबद्दल तिला फाशी दिली जाते. मंगळाचे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने फासावर लटकलेल्याचे पाय ओढून त्याला मरणयातनांतून सोडविण्याचे काम आप्तांना करावे लागते. एका भौतिक तथ्यातून क्रौर्याचे सामाजिक रूप साकार करणारा हा तपशील विज्ञानकादंबरीच्या सामर्थ्याचा उत्तम नमुना आहे. परंतु बंडाचे स्वप्न ज्या स्त्रीने प्रथम उच्चारले ती पहिल्याच खंडाच्या आरंभी संपते आणि पुढची सारी त्रयी तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. मराठीतील पूर्वपरंपरा याहून वेगळी आहे. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. १८४२ मध्ये अहमदनगर येथेच निघू लागलेले हे नियतकालिक. तेथे मुलगी हुतात्मा होऊन दुसऱ्याची प्रेरणा बनत नाही. ती स्वतः युक्तिवाद करते आणि तिचा निबंध तिच्याच नावाने उरतो.

४

त्रयीतील ज्या भागाकडे समीक्षेचे लक्ष सर्वाधिक जावयास हवे, तो भाग तिसऱ्या खंडात आहे. ऑब्सिडियन हा योद्ध्यांचा रंग. ध्रुवप्रदेशातील हिमात त्यांना मुद्दाम आदिम अवस्थेत ठेवले आहे आणि सोनेरी हे त्यांचे देव आहेत. उत्तर युरोपीय पुराणांतील देवतांची रूपे घेऊन सोनेरी त्यांच्यासमोर प्रकट होतात, बळी मागतात, योद्धे घेऊन जातात. डॅरो आणि रॅग्नार या ऑब्सिडियनांना दाखवू पाहतात की हे देव मर्त्य आहेत, त्यांना मारता येते, ते तुमचे शासक आहेत.

मराठी वाचकाला येथे 'गुलामगिरी'ची (१८७३) आठवण होणे स्वाभाविक आहे. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून फुल्यांनी दशावतारांची जी उलटतपासणी केली, तिची पद्धत हीच होती. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम यांचे देवत्व काढून घेऊन त्यांना आक्रमक टोळ्यांचे पुढारी म्हणून पाहणे आणि ज्याला दैत्य म्हटले गेले त्या बळीला न्यायी राजा म्हणून पुनःस्थापित करणे, असा हा व्यूह आहे. अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलेल्या या पुस्तकाला इतिहास म्हणून तपासणाऱ्यांनी त्यातील व्युत्पत्तींवर आक्षेप घेतले आहेत. परंतु परिचित पुराणाला अपरिचित करून वाचकाला स्वतःची गुलामी दाखविणारी संहिता म्हणून ते वाचले, तर सुविन यांच्या संकल्पनेचे इतके नेमके उदाहरण एकोणिसाव्या शतकातील मराठीत दुसरे सापडणे अवघड आहे. फुल्यांचा व्यूह एका बाबतीत ब्राउनच्याही पुढे जातो. ऑब्सिडियनांना सत्य बाहेरून येऊन सांगावे लागते. फुल्यांना मात्र बळीचे राज्य येवो ही प्रार्थना शेतकऱ्यांच्या घरोघरी, स्त्रियांच्या तोंडी आधीच आढळते. पराभूतांची स्मृती पूर्णपणे पुसलेली नसते, ती सणावाराच्या आड टिकून असते, हे त्यांचे निरीक्षण आहे.

आधुनिक मराठी विज्ञानसाहित्याने या वारशाचे काय केले? 'वामन परत न आला' (१९८६) या जयंत नारळीकरांच्या कादंबरीचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो, त्यातील ज्ञानाच्या आधारे यंत्रमानव घडविला जातो आणि त्याच्या ठेंगण्या आकारावरून त्याला वामन हे नाव मिळते. स्वतःसारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची आकांक्षा तो बाळगतो आणि मानवापुढे संकट उभे राहते. याचकाच्या रूपाने येऊन सर्वस्व व्यापणारा वामन हा पुराणातील संदर्भ नारळीकरांनी चतुराईने वापरला आहे. या मांडणीत मानवजात बळीच्या जागी आहे, म्हणजे सहानुभूतीचा रोख फुल्यांच्याच दिशेने आहे असे क्षणभर वाटते. पण वामनाच्या जागी कोण आहे? सेवेसाठी घडविलेला यंत्रमानव. कारेल चापेक यांच्या १९२० मधील नाटकाने जगाला दिलेला 'रोबो' हा शब्द मुळात वेठ या अर्थाच्या चेक शब्दावरून आला आहे. वेठीच्या चाकराने स्वतंत्र होऊ पाहणे हे येथे कपट ठरते आणि त्याचे परत न येणे हा सुटकेचा निःश्वास ठरतो. यात नारळीकरांच्या हेतूवर आक्षेप नाही. तंत्रज्ञानाच्या अनिर्बंध वाढीविषयीची त्यांची सावधगिरी आज अधिकच समर्पक वाटते. प्रश्न दृष्टिकोनाचा आहे. ही कथा घडविणाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे, घडविलेल्याच्या बाजूने नाही. 'रेड रायझिंग' त्रयीचे वेगळेपण असे की कामासाठी घडविला गेलेला माणूस तिच्यात निवेदक होतो.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. श्रेणीबद्ध समाज कशाच्या आधारावर उभा असतो आणि तो कोठे मोडतो, याविषयी या त्रयीला काय म्हणावयाचे आहे?

वरवर पाहता तिचे उत्तर युद्ध हे आहे. पृष्ठसंख्येचा मोठा भाग मोहिमा, फितुरी आणि द्वंद्वे यांनी व्यापला आहे. परंतु कथानकाची बीजे तपासली तर निराळे उत्तर हाती येते. बंडखोरांच्या गुप्त संघटनेचा संस्थापक एरीस हा प्रत्यक्षात फिचनर नावाचा सोनेरी आहे. त्याने लाल स्त्रीशी विवाह केला. व्यवस्थेने तिला मारले. त्यांचा मुलगा सेव्हरो बंडाचा दुसरा नायक होतो. त्रयीच्या शेवटी डॅरो आणि सोनेरी कुळातील व्हर्जिनिया यांच्या अपत्याचे दर्शन घडते. म्हणजे बंडाचा उगम आंतरवर्णीय विवाहात आहे आणि त्याची सांगताही आंतरवर्णीय अपत्यातच होते. धर्मशास्त्रांना ज्याचे भय वाटत आले तो वर्णसंकर या कथेत मुक्तीचे बीज ठरतो. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मधील आपल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात असल्याचे प्रतिपादन केले होते. शंभर वर्षांनंतर आणि अगदी भिन्न भूमीवर लिहिणाऱ्या या कादंबरीकाराच्या कथानकाची रचना त्याच ठिकाणी येऊन थांबते, ही योगायोगाची बाब म्हणून सोडून देता येणार नाही. कोणतीही श्रेणीबद्ध रचना तर्कशुद्धपणे कल्पू लागले की तिची चौकी लग्नाच्या दारावरच बसलेली आढळते.

अहमदनगर जिल्ह्याच्या वाचकाला हे कादंबरीतून शिकावे लागत नाही. जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तिघांची हत्या झाली. त्यामागे त्यांपैकी एकाचे सवर्ण मुलीशी असलेले प्रेमसंबंध होते. या प्रकरणी नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांना दोषी ठरविले. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे शाळेत शिकणाऱ्या दलित मुलाची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याचा राग हे कारण असल्याचा आरोप होता. त्या खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटले. 'रेड रायझिंग' प्रसिद्ध झाली ती याच २०१४ साली. ईओची फाशी सर्वांसमोर होते, तिचे चित्रण होते आणि बंडखोर तेच चित्रण ग्रहभर पसरवितात. शासकांचा गुन्हा दिसतो, म्हणून बंड शक्य होते. ज्या समाजात गुन्हा दिवसाढवळ्या घडूनही साक्षीच्या टप्प्यावर अदृश्य होतो, तेथील अडचण या त्रयीच्या कल्पनेबाहेरची आहे. रंग दृश्य असतो आणि त्याच्या नावाने केलेला अत्याचारही दृश्य राहतो. जात अदृश्यपणेच काम करते आणि तिचा अत्याचारही अदृश्य होऊ पाहतो.

या कसोटीवर त्रयीचा शेवट पुन्हा वाचावा लागतो. सत्ताधारिणी मारली जाते आणि तिच्या जागी व्हर्जिनिया येते. ती न्यायी आहे, सुधारणावादी आहे, आणि ती सोनेरी आहे. डॅरो लाल आहे, पण त्याचे शरीर सोनेरी आहे. म्हणून ज्या अपत्यात दोन वर्ण एकत्र आले असे कथा सांगते, त्याचे मातापिता दोघेही पाहणाऱ्याला सोनेरीच दिसतात. जन्मतः मिळालेल्या आपल्या लाल देहानिशी, खाणीतल्या ठेंगण्या बांध्यानिशी कोणीही सिंहासनाजवळ पोचत नाही. सेव्हरोच्या रूपाने ती शक्यता कथेत वावरत असते. परंतु त्याला विनोद आणि वात्सल्य यांच्या वाट्याला देऊन लेखक राज्यकारभारापासून दूर ठेवतो. लेखकाला आंतरवर्णीय विवाहाचे मर्म सापडले, परंतु त्याचे दृश्य रूप वाचकापुढे ठेवण्याचे धैर्य या तीन खंडांत त्याला झाले नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो.

लेखकाला या अपुरेपणाची जाणीव झाली असावी. त्रयी पूर्ण झाल्यावर त्याने ही कथा 'आयर्न गोल्ड' (२०१८) पासून पुढे नेली. तेथे निवेदकांची संख्या वाढते आणि लिरिया ही निर्वासित छावणीतील लाल मुलगी स्वतःच्या तोंडून बोलू लागते. ती गॅमा कुळातील आहे. तिच्या छावणीवर हल्ला करणारे सोनेरी नाहीत, 'रेड हँड' नावाने संघटित झालेले लाल आहेत. ज्या गॅमांना पूर्वी लॉरेल मिळत असे त्यांचा सूड ते घेत आहेत. पारितोषिक वाटणारे गेले, व्यवस्था कोसळली, प्रजासत्ताक आले आणि तरीही पहिल्या खंडाच्या आरंभी पेरलेले वैर जिवंत राहिले. श्रेणीबद्ध विषमतेविषयी या लेखकाने केलेले सर्वांत प्रामाणिक विधान हेच आहे. निवेदनाची एकसंधता सोडल्यावरच ते त्याला करता आले, याचाही येथे विसर पडू नये. दोन आवाजांवाचून ही गोष्ट सांगता येत नाही, हे 'बलुतं'ने १९७८ मध्येच जाणले होते.

मराठी विज्ञानकादंबरीला या वाचनातून कोणते आवाहन मिळते, याचा विचार नव्या लेखकांनी आणि संशोधकांनी करावयास हवा. तिच्यापाशी 'गुलामगिरी'चा व्यूह आहे, मुक्ता साळवे यांचा युक्तिवाद आहे, दगडू आणि दया यांचा न मिटलेला संवाद आहे. भविष्यातील समाज कल्पिताना या सामग्रीचा वापर झाला, तर चौदा रंगांची गरज पडणार नाही. एकाच रंगाची माणसे, एकसारखे कपडे, एकसारखी भाषा, आणि परग्रहावरील एखाद्या वसाहतीत नव्याने आलेल्या माणसाला विचारला जाणारा तोच जुना प्रश्न, 'कुठले तुम्ही?', एवढ्यावर ती कादंबरी उभी राहू शकेल.